तांब्याला पोचा पडतो, मिठाचा खडा फुटतो

आमच्या घरात आजीच्या वेळचा तांब्याचा तांब्या आहे. दिवाळीच्या साफसफाईत तो माझ्या हातून निसटला आणि न्हाणीच्या फरशीवर आपटला. ठण्ण आवाज झाला, पोटाला अंगठ्याएवढा पोचा पडला, पण त्यातून पाणी थेंबभरही गळेना. त्याच आठवड्यात उपासासाठी सैंधवाचा खडा खलबत्त्यात घातला. एक टोला, आणि खड्याचे पाच-सहा तुकडे. नीट पाहिलं तर तुकडे वेडेवाकडे नव्हते. कडा सरळ, बाजू सपाट, जणू कुणी पट्टी लावून कापलेत.

मी अकरावीला रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे अशा वेळी माझ्या डोक्यात फळा उभा राहतो. तांबं कठीण आणि मीठ मऊ, म्हणून असं झालं का? नाही. ओरखडे पाडून कठीणपणा मोजायची मोहस नावाची श्रेणी आहे. तीत हिरा 10 वर, मीठ 2 ते 2.5 वर आणि तांबं 2.5 ते 3 वर. म्हणजे दोघं जवळजवळ शेजारीच. दोघांतही अणू ओळीने, शिस्तीत रचलेले आहेत. वितळायलाही दोघांना सणसणीत उष्णता लागते, मिठाला 801 अंश सेल्सिअस, तांब्याला 1085. तरी एकाला नुसता पोचा पडतो आणि दुसऱ्याचा भुगा होतो. कारण अणूंना एकत्र धरणारा बंध दोन्हींत वेगळा आहे. आणि बंध वेगळा म्हणजे मुळात काय वेगळं, तर सगळ्यात बाहेरचे इलेक्ट्रॉन कुठे राहतात ते.

आधी मीठ घेऊ, कारण त्याबद्दल शाळेत सांगितलेली एक गोष्ट आपल्या सगळ्यांच्या मनात घट्ट बसली आहे. सोडियम उदार, क्लोरीन लोभी. सोडियमला एक इलेक्ट्रॉन नकोसा असतो, क्लोरीनला एक हवा असतो, दिला-घेतला, दोघांचं अष्टक (बाहेरच्या कवचातले आठ इलेक्ट्रॉन) पुरं झालं, दोघं सुखी. मीही अनेक वर्षं हेच सांगत होतो. एकदा वर्गात हिशेब मांडला आणि गोष्ट फसली.

हिशेब असा. वायुरूपातल्या सोडियमच्या एक मोल, म्हणजे मोजणीसाठी ठरवलेल्या एका प्रचंड संख्येइतक्या, अणूंमधून एकेक इलेक्ट्रॉन काढायला 496 किलोज्यूल ऊर्जा खर्च होते. सोडियम इलेक्ट्रॉन सहजी सोडत नाही, तो ओढून काढावा लागतो. तो क्लोरीनला दिला की परत मिळतात 349 किलोज्यूल. म्हणजे या देवाणघेवाणीत 147 किलोज्यूलचा तोटा! एवढ्यावरच व्यवहार थांबला असता तर मीठ बनलंच नसतं.

फायदा होतो तो पुढच्या पायरीवर. इलेक्ट्रॉन गमावलेला सोडियम धनप्रभारित, कमावलेला क्लोरीन ऋणप्रभारित. असे असंख्य आयन एकमेकांना ओढत जवळ येतात आणि रचून बसतात. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. वर, खाली, पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. या रचनेतून प्रतिमोल सुमारे 787 किलोज्यूल सुटतात. तोटा भरून निघतो आणि गल्ल्यात भरपूर उरतं. आयनिक बंध हा दोघांमधला दानधर्म नव्हे. सगळ्या जथ्याची ती गर्दी आहे, आणि गर्दीतच त्याचा नफा आहे.

म्हणूनच मिठाचा ‘रेणू’ असा काही नसतो. कुठला क्लोराइड कुठल्या सोडियमचा, हा प्रश्नच गैरलागू. 1913 च्या सुमारास ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांनी मिठाच्या स्फटिकाची ही रचना दाखवली, तेव्हा जुन्या रसायनशास्त्रज्ञांना ते पचलं नाही. हेन्री आर्मस्ट्राँग हे इंग्लंडमधले नामवंत रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी 1927 मध्ये, म्हणजे तब्बल चौदा वर्षांनी, ‘नेचर’ या नियतकालिकात ‘बिचारं साधं मीठ’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली तक्रार केली. मिठाला बुद्धिबळाच्या पटासारखं मांडणं म्हणजे रसायनशास्त्राचं क्रिकेट नव्हे, खेळाच्या रीतीला धरून नव्हे, असा त्यांचा सूर होता. म्हातारबुवा चुकले, पण सोडियम आणि क्लोरीनची जोडी मोडताना त्यांना झालेलं दुःख माझ्या वर्गातही दरवर्षी दिसतं.

पण आर्मस्ट्राँगना न आवडलेला तो पटच आपल्याला सैंधवाचे तुकडे समजावतो. पटावर काळं-पांढरं घर एकाआड एक असतं. पटाचे दोन तुकडे शेजारी ठेवून एक तुकडा फक्त एक घर पुढे सरकवा. आता काळ्यासमोर काळं आलं, पांढऱ्यासमोर पांढरं. मिठात हेच होतं. टोला बसतो, आयनांचा एक थर शेजारच्या थरावरून एक घर सरकतो, आणि क्षणापूर्वी एकमेकांना ओढणारे समोरासमोर समान प्रभार घेऊन उभे राहतात. ते एकमेकांना ढकलतात आणि खडा त्या पातळीवर उकलतो. रचना चौकोनी, म्हणून तुकड्यांच्या बाजूही सपाट. ज्या शक्तीने मीठ घट्ट धरलं होतं, तीच त्याला फोडते.

आता दुसरा प्रकार, सहसंयुज बंध. 1916 मध्ये अमेरिकेतल्या गिल्बर्ट लुईस यांनी मांडलं की दोन अणू इलेक्ट्रॉनांची एक जोडी सामाईक वापरून बांधले जाऊ शकतात. ना दान, ना लूट. दोघांच्या मधे ठेवलेला एक डबा. या बंधाचं वैशिष्ट्य म्हणजे त्याला दिशा असते. कार्बनला चार हात आहेत असं समजा, पण ते ठरलेल्या कोनांतच पसरतात. हिऱ्यात प्रत्येक कार्बन असे चार शेजारी धरून असतो, आणि सगळा हिरा मिळून एकच अवाढव्य रेणू होतो. थर सरकवायचा तर हे हात मोडावे लागतात, म्हणून हिरा सरकत नाही. टोला अगदीच बेताल बसला तर फुटतो.

कापूर आणि साखरही सहसंयुजच, पण तिथे मामला निराळा. कापराच्या रेणूच्या आतले बंध मजबूत आहेत. रेणू-रेणूंमधली ओढ मात्र इतकी क्षीण की उघड्या डबीतला कापूर न वितळताच उडून जातो. साखरेच्या रेणूंमध्ये हायड्रोजन बंध (एका रेणूतल्या हायड्रोजनची शेजारच्या रेणूशी ओढ) असतात, ते जरा बळकट, म्हणून साखर डब्यात टिकते. पाण्यातही हेच बंध आहेत. ते नसते तर पाणी खोलीच्या तापमानाला वायू असतं. त्याचा थोरला भाऊ हायड्रोजन सल्फाइड उणे 60 अंशांनाच उकळतो. या दुबळ्या बंधांवर वेगळा लेख लागेल, तूर्त पुढे जाऊ. तांब्या अजून पोचा घेऊन तसाच पडलाय.

तांब्याच्या अणूत 29 इलेक्ट्रॉन असतात. कवचांत त्यांची मांडणी 2, 8, 18 आणि शेवटी 1. घन तांब्यात प्रत्येक अणूला लागून बारा शेजारी असतात. फळवाल्याने मोसंबी रचावीत तशी ही दाटीची रचना. आता लुईसच्या पद्धतीने बंध करायचा तर दर शेजाऱ्यामागे दोन इलेक्ट्रॉनांची जोडी हवी. बाराजणांशी संबंध जोडायचेत आणि खिशात सुटं नाणं एकच! आयनिक मार्गही बंद, कारण सगळे अणू तांब्याचेच. कोण देणार आणि कोण घेणार?

यावर धातूंनी काढलेला तोडगा म्हणजे धातुबंध. प्रत्येक अणू आपलं ते एक नाणं सगळ्यांत मिळून टाकतो. मी वर्गात याला भिशी म्हणतो, पण उपमा लंगडी आहे. भिशीत शेवटी कुणाची तरी पाळी येते आणि पैसे एका घरी जातात; इथे कुणाचीच पाळी येत नाही. इलेक्ट्रॉन सगळ्या तुकड्याचे असतात. मागे उरतात धनप्रभारित तांब्याचे आयन, आणि त्यांच्यामध्ये सर्वत्र पसरलेले हे बेघर इलेक्ट्रॉन त्यांना एकत्र धरतात.

इलेक्ट्रॉनचा शोध 1897 चा. अवघ्या तीन वर्षांत, 1900 मध्ये, जर्मनीच्या पॉल ड्रूड यांनी धातूतले इलेक्ट्रॉन म्हणजे डब्यात कोंडलेला वायू, असं मानून गणित केलं. धातूतून वीज का वाहते आणि उष्णता का वाहते, याचं उत्तर त्यातून एकाच वेळी मिळालं. हिवाळ्यात तांब्याचा तांब्या हाताला लाकडी पाटापेक्षा गार लागतो तो याचमुळे. दोन्ही एकाच खोलीत, एकाच तापमानाला आहेत. पण तांब्यातले मोकळे इलेक्ट्रॉन आपल्या बोटांची ऊब झपाट्याने पळवून नेतात. (हिराही असाच गार लागतो, तांब्याहून जास्त, आणि त्यात मोकळा इलेक्ट्रॉन एकही नाही. तिथे ऊब अणूंच्या जाळीच्या थरथरीतून पळते. नियम सांगितला की अपवाद दारात उभाच असतो.)

ड्रूडच्या वायूत मात्र एक मोठं भोक होतं. इलेक्ट्रॉन खरंच वायूसारखे असते, तर धातू तापवताना त्यांनाही आपल्या वाट्याची उष्णता लागली असती आणि धातूंची मोलर उष्माधारकता, म्हणजे एक मोल धातू एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता, बरीच जास्त भरली असती. मोजली तर इलेक्ट्रॉनांचा वाटा जवळजवळ शून्य. कोट्यवधी इलेक्ट्रॉन मोकळे आहेत, तरी ऊब घेत नाहीत, हे कसं? उत्तरासाठी पुंजयांत्रिकी, म्हणजे अणूंच्या जगाचे नियम सांगणारं शास्त्र, यावं लागलं. 1920 च्या दशकाच्या अखेरीस आर्नोल्ड सोमरफेल्ड आणि फेलिक्स ब्लोख यांनी दाखवलं की हे इलेक्ट्रॉन चेंडूसारखे धावत नाहीत, ते साऱ्या स्फटिकभर पसरलेल्या लाटा आहेत. शिवाय एका अवस्थेत दोनापेक्षा जास्त इलेक्ट्रॉन मावत नाहीत. खालच्या सगळ्या पायऱ्या भरलेल्या, मग थोडीशी ऊब देऊन कोण कुठे जाणार? अगदी वरच्या पायरीवरचे मोजकेच हलू शकतात.

म्हणून पाठ्यपुस्तकातला ‘इलेक्ट्रॉनांचा समुद्र’ मला पुरता पटत नाही. समुद्र म्हटलं की पाण्यात तरंगणारे गोळे डोळ्यांसमोर येतात आणि गोळ्यांना धरून ठेवतं ते काय, हा खरा प्रश्न बाजूला राहतो. गोम अशी आहे की इलेक्ट्रॉनला कोंडणं महाग पडतं. जितकी जागा तोकडी, तितकी त्याची गतिज ऊर्जा चढते. एका अणूभोवती अडकलेल्या इलेक्ट्रॉनला सगळा स्फटिक मोकळा मिळाला की ती ऊर्जा उतरते. ही बचत हे धातुबंधाच्या भांडवलाचं एक मोठं खातं. खोली छोटी असली तरी चाळीतली पोरं गॅलरीच्या जोरावर खुशीत असतात, तसंच काहीसं.

याच गॅलरीतून वीज जाते. इलेक्ट्रिशियन जिला अडीच एमएमची वायर म्हणतो (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर छेदाची), तीतून 10 अँपिअरचा एकाच दिशेने वाहणारा प्रवाह सोडला, तर इलेक्ट्रॉनांचा घोळका सेकंदाला सरासरी एक मिलिमीटरचा तिसरा हिस्सासुद्धा धड पुढे सरकत नाही. मीटरभर जायला जवळपास तास लागेल. तरी बटण दाबताच दिवा लागतो, कारण वायरीत इलेक्ट्रॉन आधीपासून सर्वत्र भरलेलेच आहेत आणि धक्का लगेच पोचतो. एका घनसेंटिमीटर तांब्यात असे मोकळे इलेक्ट्रॉन सुमारे 8.5 गुणिले 10 चा 22 वा घात इतके असतात.

आणि पोचा? तोही इथेच सुटतो. तांब्या फरशीवर आपटला तेव्हा आतला अणूंचा थर शेजारच्या थरावरून सरकला, मिठात सरकला तसाच. पण इथे काळं-पांढरं घरच नाही. सगळे आयन सारखे, आणि मधले इलेक्ट्रॉन कुणा एकाचे नाहीत. थर एक घर सरकला तरी समोर पुन्हा तांब्याचाच अणू, पुन्हा तेच इलेक्ट्रॉन. बंध मोडलाही नाही आणि नव्याने जोडावाही लागला नाही. आकार बदलला आणि भांडं शाबूत राहिलं.

गोष्ट इथे संपवली तर ऐकायला छान वाटते, पण ती अर्धीच आहे. 1926 मध्ये याकोव्ह फ्रेंकेल या रशियन शास्त्रज्ञाने हिशेब केला की अख्खा थर एकदम सरकवायला किती जोर लागेल. उत्तर इतकं मोठं आलं की मऊ तांब्याची तार हाताने वाकवणं अशक्य ठरावं. प्रत्यक्षात ती लहान पोरही वाकवतं. हिशेब आणि वास्तव यांत हजारो पटींचा फरक. 1934 मध्ये जेफ्री टेलर, एगोन ओरोवान आणि मायकेल पोलान्यी या तिघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, याचं उत्तर दिलं. लग्नाच्या हॉलमधली मोठी सतरंजी एका टोकाला धरून ओढून बघा, हलणार नाही. तिला एक सुरकुती पाडा आणि ती सुरकुती पायाने ढकलत पलीकडे न्या; सतरंजी वीतभर सरकलेली असते. धातूच्या जाळीतही अशा सुरकुत्या असतात: मधेच संपलेली अणूंची एखादी ओळ, रचनेतली चूक. थर एकदम सरकत नाही, सुरकुती सरकते, आणि तिला जोर फारच कमी लागतो. या सुरकुत्या इतक्या सहज पळू शकतात, कारण धातुबंधाला दिशेचा हट्ट नाही. हिऱ्यातही चुका असतात, पण तिथे त्या जागच्या जागी गोठलेल्या.

हे पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत कानांनी ऐकता येतं. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबट कारागिरांची ही वस्ती. मी पोचा पडलेला तांब्या घेऊन तिथेच गेलो. एक कारागीर हंड्याच्या अंगावर मठार काढत होता, म्हणजे हातोड्याच्या तोंडाने एकाशेजारी एक असे छोटे, चकचकीत खळगे पाडत होता. ठक-ठक-ठक, लय एक, अंतर एक. गिऱ्हाइकाला वाटतं ही नक्षी आहे. नक्षी तर आहेच, पण दर ठोक्यागणिक आत नव्या सुरकुत्या तयार होतात आणि एकमेकींत अडकतात, सणाच्या गर्दीत रस्ते तुंबतात तशा. सुरकुती हलेना की पत्रा वाकेना. मठारलेला पत्रा साध्या पत्र्यापेक्षा ताठ असतो तो म्हणून. मऊ तांब्याच्या एका चौरस सेंटिमीटर छेदात अशा चुका काही लाख ते काही कोटी असतात. भरपूर ठोकल्यावर ती संख्या लाख कोटीच्या घरात जाते.

ठोकत राहिलं तर एका हद्दीनंतर पत्रा चिरतो. म्हणून कारागीर मधेच थांबून भांडं लाल होईस्तोवर तापवतात. त्या उष्णतेत अणू नव्याने रचून घेतात, गुंता सुटतो आणि तांबं पुन्हा मऊ होतं. मग ते पाण्यात बुडवा की तसंच निवू द्या, फरक पडत नाही. पोलादाशी सराव असलेल्या माणसाला याचं नवल वाटतं, कारण पोलाद लाल करून पाण्यात घातलं की उलट कडक होतं.

घरी पाहायचं असेल तर जाड, एकसंध तांब्याच्या तारेवरचं प्लास्टिक पूर्ण सोलून टाका. तार गॅसवर पकडीत धरून लाल करा आणि निवू द्या. आता ती बोटांत मेणासारखी वाकेल. वाकवा आणि परत सरळ करायला जा. ती पूर्वीच्या वळणावर सरळ होत नाही. त्याच्या शेजारी दुसरीकडे वाकते आणि तारेला एक बाक राहूनच जातो. पहिलं वळण ताठ झालेलं असतं. पुढेमागे दहा-वीसदा वाकवत राहा, तिथे तार तापते आणि शेवटी तुटते.

सगळे पदार्थ मात्र तीन कप्प्यांत असे गुमान बसत नाहीत. आजीच्या काळी पितळी भांड्यांना कल्हई करणारा दारावर यायचा. भांडं तापवून नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघायचा, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने फिरवायची. क्षणात आतून चांदी. नवसागर भांड्यावरचा ऑक्साइडचा थर काढतो. त्या थरात धातूचे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनने अडकवून ठेवलेले असतात. तो निघाला की धातूला धातू भिडतो आणि दोघांचे मोकळे इलेक्ट्रॉन एक होतात. हेच कथील 13 अंशांच्या खाली दीर्घकाळ, विशेषतः कडाक्याच्या थंडीत राहिलं, तर त्याचं धातुपण सुटू शकतं: अणू हिऱ्यासारखी सहसंयुज रचना धरतात, आकारमान फुगतं आणि चकचकीत धातूची राखाडी भुकटी होते. मूलद्रव्य तेच, अणू तेच, फक्त इलेक्ट्रॉनांनी बिऱ्हाड बदललं.

गॅलिना हे शिशाचं खनिज त्याहून गमतीदार. चकाकी धातूची, रचना हुबेहूब मिठाची, टोला दिला की मिठासारखेच चौकोनी तुकडे, आणि वीज वाहते ती अर्धवट, अर्धवाहकासारखी. याच खनिजाचा स्फटिक वापरून जगदीशचंद्र बोस यांनी विद्युतचुंबकीय लहरी टिपणारं साधन बनवलं. त्याचं अमेरिकी पेटंट त्यांना 1904 मध्ये मिळालं. गॅलिनाला आयनिक म्हणावं, सहसंयुज म्हणावं की धातूसारखा? परीक्षेत हा प्रश्न मी विचारत नाही, कारण उत्तरपत्रिका तपासणं अवघड होईल.

काशाचंही तसंच. तांब्यात पाचवा हिस्सा कथील मिसळलं की कासं होतं. दोन्ही धातू मऊ, पण मिश्रणात तांब्या-कथलाची अशी गुंतागुंतीची रचना तयार होते की सुरकुत्यांना वाट मिळत नाही. म्हणून काशाच्या घंटेचा नाद स्वच्छ आणि लांब चालतो, आणि म्हणूनच काशाची वाटी उंचावरून दगडावर पडली तर तिला पोचा पडत नाही, ती तडकते.

तांबटाने माझा तांब्या आतून लोखंडी टेकणावर धरला, बाहेरून लाकडी हातोड्याने आठ-दहा ठोके दिले आणि हात फिरवून पाहिला. पोचा गेला होता, तिथे थोडी जास्त चमक आली होती. पैसे घेताना म्हणाला, “काका, परत पाडलात तर ह्या जागी लागणार नाही बघा. शेजारी लागेल.”